विश्लेषण : मदरशात इतिहास शिकवताना ‘कागदपत्रांवरचा निबंध’ का उपयोगी?

इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणे, हा समज मराठी शाळेत आहे तसाच उर्दू शाळेत आणि मदरशातही आहे. दुसरीकडे मोबाइलवर रोज इतिहासाचे नवे दावे येऊन आदळतात आणि त्यातले बरेचसे मुस्लिम राजवटींबद्दल असतात. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मुलांनी ठरवायचे कसे? कागदपत्रांवर आधारित निबंध ही सवय लावू शकतो. दीपनगर-भुसावळच्या मुलांसाठी तर त्याचे उदाहरण घराजवळच आहे.

हा निबंध म्हणजे काय?

अमेरिकेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षेत १९७३ पासून असा प्रश्न असतो. सध्या विद्यार्थ्याला सात कागद मिळतात. पत्र, फर्मान, चित्र, तक्ता असे काहीही. तासाभरात ते वाचून, आपले मत मांडून, त्याला कागदांचा आधार द्यायचा. कागद कोणी, कधी, कशासाठी लिहिला हे सांगण्यालाही गुण असतात.

मदरशाला ही पद्धत परकी आहे का?

नाही. हदीस शिकताना दोन गोष्टी तपासल्या जातात : ‘सनद’, म्हणजे ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी आणि ‘मतन’, म्हणजे मूळ मजकूर. सांगणारा, म्हणजे ‘रावी’, विश्वासू होता का, दोन रावींची भेट शक्य होती का, याचा अभ्यास करणारी ‘अस्मा-उर-रिजाल’ ही स्वतंत्र शाखाच आहे. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’त पुढची कसोटी सांगितली : सांगितलेली घटना मुळात घडणे शक्य होते का, तेही पाहा. इतिहासाच्या निबंधाला नेमके हेच प्रश्न लागतात.

उदाहरण कोणते घ्यायचे?

असीरगड. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूर लागते, त्याच्या उत्तरेला हा किल्ला आहे. खानदेशच्या फारुकी घराण्याचा हा शेवटचा आधार जानेवारी १६०१ मध्ये अकबराच्या ताब्यात गेला. पण कसा?

‘अकबरनामा’ लिहिणारा अबुल फजल गडावर पसरलेल्या रोगराईवर भर देतो. जेझुइट पाद्री जेरोम झेवियर यांच्या पत्रांवरून युरोपात छापलेला वृत्तान्त वेगळेच सांगतो : बहादूर शाह फारुकीला वचन देऊन बाहेर बोलावले, अडकवून ठेवले आणि गडावरच्या सरदारांना पैसे चारले.

आता सनद तपासा. अबुल फजल अकबराचा दरबारी, शिवाय स्वतः या मोहिमेत होता. पाद्री पोर्तुगीजांच्या बाजूचे. त्यांच्याच वृत्तान्तानुसार अकबराने पोर्तुगीजांकडे तोफा मागितल्या आणि झेवियर यांनी नकार दिला. दोघेही घटनेच्या जवळ, दोघांचाही हितसंबंध. म्हणजे ‘गड फक्त रोगराईने पडला’ किंवा ‘फक्त दगाबाजीने पडला’ असे एकाच कागदावरून लिहिता येत नाही. विद्यार्थ्याने कुठे थांबायचे, हे त्याला पुरावा शिकवतो.

तिसरा पुरावा बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आहे. ती बांधणाऱ्या फारुकी सुलतानाने तिथे अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरून घेतला. वेढ्याबद्दल तो काही सांगत नाही, पण त्या दरबाराबद्दल बरेच सांगतो. कोणता कागद कोणत्या प्रश्नाला उपयोगी, हेही शिकण्यासारखेच.

खानदेशात ही परंपरा आहे का?

अस्सल कागदाशिवाय इतिहास लिहू नये, असा आग्रह धरणारे वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तिथे आहे. याशिवाय १८८० चे खानदेश गॅझेटियर आहे. दीपनगरच्या मुलांना तर वीज केंद्राआधीच्या जमिनींचे जुने सात-बारा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीही ताडून पाहता येतील.

अडचण कुठे आहे?

अठराव्या शतकात लखनौच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी आखलेल्या ‘दर्स-ए-निजामी’त व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह यांना जे स्थान आहे, ते इतिहासाला नाही. राज्य सरकारच्या २०१३ च्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत गणित-विज्ञानाबरोबर समाजशास्त्रही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या शिक्षकांचे मानधन डी.एड. असल्यास ६ हजारांवरून १६ हजार, तर बी.एड. असल्यास ८ हजारांवरून १८ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. पण असे निबंध तपासायला वेळ लागतो आणि उत्तर एकच नसते, हे मान्य करणारा शिक्षकही लागतो.

सुरुवात मात्र एका पानावर होऊ शकते : दोन उतारे, एक प्रश्न, वीस ओळींचे उत्तर. ते लिहिलेला मुलगा मोबाइलवरचा पुढचा दावा वाचताना निदान एवढे तरी विचारेल : हे सांगितले कोणी?