वेग, त्वरण आणि ब्रेकचा हिशोब

आजचा विषय शाळेच्या विज्ञानातला आहे: वेग आणि त्वरण. व्याख्या बऱ्याच जणांना पाठ असतात. पण गाडी चालवताना त्यांचा अर्थ काय होतो, ते आज बघूया.

स्पीडोमीटर दाखवतो ती चाल. तिला दिशा जोडली की झाला वेग. आणि हा वेग दर सेकंदाला किती बदलतो, ते त्वरण.

आता गंमत बघा. सरळ रस्त्यावर एकसारख्या 100 च्या वेगाने जाणाऱ्या कारचं त्वरण किती? शून्य! कारण वेग बदलतच नाहीये. याउलट सिग्नल सुटल्यावर नुकतीच हललेली रिक्षा. वेग जेमतेम 10, पण त्वरण आहे. आणि वळणावर काटा 40 वर स्थिर असला, तरी दिशा बदलते, म्हणजे तिथेही त्वरण आहेच.

ब्रेक मारला की त्वरण उलट्या दिशेने, म्हणजे मंदन. समजा, कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि कारचा वेग दर सेकंदाला ताशी 25 किलोमीटरने कमी होतोय. मग 100 वरून 75, 50, 25, शून्य. 4 सेकंदांत गाडी थांबली.

पण प्रत्येक सेकंदात अंतर किती कापलं? पहिल्या सेकंदात सुमारे 24 मीटर, दुसऱ्यात 17, तिसऱ्यात 10 आणि शेवटच्यात फक्त साडेतीन. एकूण साधारण 55 मीटर.

आता शेजारच्या लेनमध्ये 120 ने जाणारी कार घ्या. तेच ब्रेक, तीच जागा. 100 वाली कार जिथे थांबली, तिथे हिचा वेग किती असेल? बहुतेक जण म्हणतील, 20. फरक 20 चाच होता ना?

उत्तर आहे, ताशी सुमारे 66 किलोमीटर.

असं का? ब्रेक वेग कमी करतो तो दर सेकंदाला, दर मीटरला नाही. 120 वाली कार पहिल्या दोन सेकंदांतच जवळपास 53 मीटर पार करते, आणि तेव्हा तिचा वेग अजून 70 असतो. म्हणजे तेवढ्याच अंतरात एकीच्या ब्रेकला 4 सेकंद मिळाले, दुसरीच्या ब्रेकला जेमतेम 2. म्हणूनच वेग दुप्पट केला, की थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

आणि यात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. तो 1 सेकंद धरा. तेवढ्यात 100 वाली कार 28 मीटर पुढे जाते, 120 वाली 33. हे धरलं तर 66 चे होतात सुमारे 73.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारची मर्यादा 100 आहे, समृद्धी महामार्गावर 120. आकड्यांत फरक 20 चा, पण समृद्धीवर पुढच्या गाडीपासून अंतर बरंच जास्त ठेवावं लागतं. पावसात टायरची पकड कमी होते, मंदन घटतं, मग अंतर आणखी वाढवायचं.

सोपा उपाय आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबाशी 3 सेकंदांच्या आत पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात हे दुप्पट धरा. मीटरचा अंदाज चुकतो, सेकंद मोजता येतात. आणि ब्रेकचा हिशोबही सेकंदांचाच आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोवर अंतर ठेवा!