गाईड घासली? मृगाआधी पाहून घ्या

मृग लागायच्या आत वखर, डवरे, तिफणींसाठी सुताराकडे गर्दी होते. पुष्कळ गावांत बाभूळ आता मोटरवरच्या गोल करवतीवर चिरतात. लाकूड ज्या पट्टीला टेकवून सरकवायचं, ती गाईड. घासून घासून तिला पात्याजवळ खोलगा पडतो. मग फळी वाकडी निघते, हे लहान नुकसान. पण लाकूड गाईड अन् पात्याच्या मध्ये आवळलं, तर पातं ते उलट अंगावर फेकतं; हात पात्यात ओढला जाऊ शकतो. बोटं गेली की मग काय?

दुरुस्ती महागाची नाही. आधी वीज तोडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सरळ पट्टी लावून फट पाहा. थोडी घासली असेल तर रंधा मारा, जास्त असेल तर वाळलेल्या सागाची सरळ फळी मागून स्क्रूने बसवा. मेळघाटचा साग परतवाड्याला मिळतो. गुण्या लावून टेबलाशी काटकोन जुळवा, वरून मेण घासा. तेल नको, लाकडाला डाग पडतात.

शेवटी पात्याच्या एका दातावर खूण करा. तोच दात पुढे अन् मागे फिरवून गाईडपर्यंतचं अंतर मोजा. सारखं हवं. मागे केसभर जास्त चालेल, कमी मुळीच नको.