ट्युशनची फी भरण्याआधी: कोणत्या परीक्षेत गणित किती, शिक्षक कसा पाहायचा अन् पैसे परत कसे मागायचे

सावंगी (मेघे), ता. वर्धा : दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा असते. पोराला ट्युशन कुठं लावायची? सावंगीतलं मेडिकल कॉलेज डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे कुणी म्हणतं नीट करा. शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगला गेलेला असतो, तो म्हणतो सीईटी करा. क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. 'आजच भरले तर सवलत' असं सांगितलं जातं आणि कापूस-सोयाबीनच्या पैशातून एकरकमी फी भरली जाते. पोरगा गणितात नेमका कुठं अडला आहे, हे मात्र बऱ्याचदा कुणी पाहिलेलंच नसतं.

गणिताची ट्युशन उपयोगी ठरते की पैसे वाया जातात, हे तीन गोष्टींवर ठरतं. परीक्षा कोणती, तिच्यात गणिताचं वजन किती आणि पोराचा पाया कुठं कच्चा आहे. ही तीन उत्तरं हातात घेऊनच क्लासच्या दारात जावं.

आधी परीक्षा ठरवा

नीट : एमबीबीएसचा प्रवेश याच परीक्षेतून होतो, मग कॉलेज सावंगीचं असो की सेवाग्रामचं. यात गणित हा विषयच नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे मिळून १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. मात्र फिजिक्सचे ४५ प्रश्न असतात आणि त्यातली आकडेमोड गणिताशिवाय होत नाही. म्हणून 'नीटला गणित लागत नाही' हे बोलणं अर्धंच खरं आहे.

एमएचटी-सीईटी, पीसीएम ग्रुप : राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी ही मुख्य परीक्षा. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणिताचे ५० प्रश्न, पण प्रत्येकी २ गुण. एकूण २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे झाले. गणिताच्या पेपरला ९० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. प्रश्नांचा साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो.

एमएचटी-सीईटी, पीसीबी ग्रुप : यात गणिताच्या जागी बायोलॉजी असते. फार्मसी आणि कृषी पदवीकडे या ग्रुपमधून जाता येतं. पण अकरावीत गणित सोडलं, तर इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतो. पोराचं मन पक्कं नसेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवता येतात. अभ्यास वाढतो, हे मात्र आधीच समजून घ्यावं.

जेईई मेन : एनआयटीसारख्या संस्थांसाठी. ७५ प्रश्न, ३०० गुण, तीन तास. त्यात गणिताचे २५ प्रश्न, म्हणजे १०० गुण.

लहान मुलांच्या परीक्षांतही गणितच भाव खातं. सेलूकाटे इथल्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी १०० गुणांची परीक्षा होते. त्यात अंकगणिताला २५ गुण आणि बुद्धिमत्तेला ५० गुण असतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ३०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत. ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होती, ती चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय शासनानं घेतला आहे. त्यामुळे यंदा कोणत्या वर्गाला आहे, ते शाळेत विचारून घ्या. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं.

उणे गुणांचा हिशेब

नीट आणि जेईईत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं तर १ गुण कापला जातो. समजा, एका पोरानं नीटमध्ये १२० प्रश्न सोडवले, ९० बरोबर आणि ३० चूक. त्याचे गुण ३६० वजा ३०, म्हणजे ३३० होतात. दुसऱ्यानं १०० च सोडवले, ९० बरोबर आणि १० चूक. त्याचे ३५० झाले. कमी सोडवूनही तो २० गुणांनी पुढे. म्हणजे कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हेसुद्धा शिकावं लागतं.

एमएचटी-सीईटीत उलट आहे. तिथं उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. एकाच सरावात दोन्ही परीक्षांची तयारी करून देतो म्हणणाऱ्या शिक्षकाला हा फरक कसा शिकवता, हे जरूर विचारा.

आणखी एक घोळ पर्सेंटाइलचा. जाहिरातीत '९० पर्सेंटाइल' लिहिलेलं असलं की ९० टक्के गुण मिळाले असं वाटतं. तसं नाही. १,००० मुलांपैकी साधारण ९०० मुलं ज्याच्या बरोबरीनं किंवा मागे आहेत, त्याला ९० पर्सेंटाइल. प्रत्यक्ष गुण त्यापेक्षा बरेच कमी असू शकतात.

भाषेची अडचण

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली पोरं अकरावीत अडतात, त्याचं एक कारण भाषा आहे. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे प्रश्न मराठीत घेता येतात, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. नीट आणि जेईई मेन मराठीत देता येतात.

म्हणून गणिताचा शिक्षक दोन्ही शब्द सांगणारा हवा. 'स्पर्शिका म्हणजे टँजंट, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी' असं तो शिकवतो का, ते पाहा. पोराला गणित येत असतं, पण प्रश्नाचं इंग्रजी कळत नाही. अशा वेळी महागडा क्लास लावून उपयोग नाही. शंभरेक शब्दांची वही करून ती रोज वाचली तर जास्त फरक पडतो.

घरच्या घरी पाया तपासा

क्लासला जाण्याआधी पोराला कागद-पेन द्या, मोबाईल बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांत हे पाच प्रश्न सोडवायला सांगा.

१. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती?
२. ७ − (३ − ५) किती?
३. एका संख्येची तिप्पट करून ४ वजा केले तर ११ उरतात. संख्या कोणती?
४. ४०० रुपयांच्या वस्तूवर १५ टक्के सूट, तर द्यायचे किती?
५. काटकोन त्रिकोणात काटकोनाला लागून असलेल्या बाजू ६ आणि ८ सेंटिमीटर, तर कर्ण किती?

उत्तरं : पाच षष्ठांश, ९, ५, ३४० रुपये आणि १० सेंटिमीटर.

बरोबर किती आले यापेक्षा चूक कुठं झाली ते पाहा. पहिल्याचं उत्तर 'दोन पंचमांश' आलं तर अपूर्णांक कच्चे आहेत. दुसऱ्याचं ५ किंवा १ आलं तर कंस आणि वजा चिन्हात गोंधळ आहे. या दोन चुका घेऊन पोरगा बारावीच्या इंटिग्रेशनला बसला, तर पद्धत बरोबर असूनही उत्तर चुकतं. शंभर मुलांच्या बॅचमध्ये सर पुढच्या धड्यावर गेलेले असतात आणि सातवीची ही चूक तशीच राहते.

पाचपैकी दोन किंवा जास्त चुकले तर आधी दोन-तीन महिने आठवी ते दहावीचं गणित पक्कं करून घेणारा शिक्षक शोधा. तो गावातला, बीएस्सी झालेला मुलगा किंवा मुलगीही असू शकते. पाचही बरोबर आले तर पोराला सराव हवा आहे, रोज वेळ लावून प्रश्न सोडवण्याचा.

शिक्षक पाहताना काय विचारायचं?

निकालाचे बॅनर बाजूला ठेवा अन् हे विचारा.

पहिलं, गणित स्वतः कोण शिकवणार? डेमोला एक आणि बॅचवर दुसराच, असं होऊ नये.
दुसरं, बॅचमध्ये मुलं किती? शंका विचारायला वेगळा वेळ आहे का?
तिसरं, चाचणीचा पेपर तपासून परत मिळतो का? फक्त गुण कळवणारी चाचणी कामाची नाही, चूक कोणत्या पायरीवर झाली ते कळलं पाहिजे.
चौथं, बारावी बोर्डाचं काय? इंजिनिअरिंग प्रवेशासाठी बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. सीईटीत चांगला स्कोअर आला, पण बोर्डात घसरला, तर प्रवेश अडतो.

आठवडाभर बसून पाहू द्या, मग फी भरतो, असं स्पष्ट सांगा. महिन्याभरानंतर पोराची वही उघडा. वहीत फक्त फळ्यावरचं उतरवलेलं असेल आणि स्वतः सोडवलेलं काहीच नसेल, तर शिकवणी चालू आहे, शिकणं नाही.

शाळेतल्या शिक्षकानंच 'माझ्याकडे ट्युशन लाव' म्हटलं तर? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेत समजलं नाही तर शाळेतच पुन्हा विचारण्याचा पोराला हक्क आहे.

फी आणि तुमचे हक्क

केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी ती आहेत आणि अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. घरी दहा-पंधरा मुलं घेणाऱ्या मॅडमना ती लागू नाहीत. त्यातले कामाचे मुद्दे असे :

– १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यायचं.
– शिकवणारा किमान पदवीधर हवा.
– दिवसात पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नाहीत, आठवड्यात एक सुट्टी.
– भरलेल्या फीची पावती द्यायची. कोर्स सुरू असताना फी वाढवायची नाही.
– पूर्ण फी भरून मूल मध्येच क्लास सोडत असेल, तर उरलेल्या काळाचे पैसे १० दिवसांत परत. हॉस्टेल आणि मेसच्या पैशालाही हेच लागू.

समजा, १२ महिन्यांचे ३६ हजार भरले आणि चार महिन्यांनी पोरगा परत आला. आठ महिन्यांचे २४ हजार परत मागता येतात. पण पावती नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? म्हणून रोख दिले तरी पावती घ्या, जमलं तर मोबाईलवरून भरा. फी हप्त्यांत द्या आणि परतीची अट फॉर्मवर लिहून घ्या. 'फी परत मिळणार नाही' असं छापलेल्या कागदावर सही करण्याआधी दोनदा विचार करा.

'१०० टक्के सिलेक्शनची हमी' देणाऱ्यापासून तर सावधच राहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जाहिरातींना मनाई केली आहे. बॅनरवरच्या मुलानं तिथं कोणता कोर्स केला होता, तेही सांगावं लागतं. तीन दिवसांची टेस्ट सिरीज दिलेला पोरगाही बॅनरवर झळकू शकतो, म्हणून हा नियम.

फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथं तक्रारीचं शुल्क लागत नाही.

पैसे नसतील तर?

नागपूरची महाज्योती ही शासनाची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. टॅब आणि इंटरनेट डेटाही दिला जातो. अर्ज दहावीनंतर मागवले जातात आणि तारीख निघून गेली की वर्ष जातं. त्यामुळे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर निकालाआधीच काढून ठेवा. अनुसूचित जातीसाठी बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथी यांच्या योजनांचीही चौकशी करावी.

बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात. केंद्र सरकारसाठी आयआयटी कानपूरनं चालवलेल्या 'साथी' या पोर्टलवर जेईई आणि नीटची तयारी मोफत आहे. पण मोबाईलवर व्हिडिओ पाहून गणित येत नाही. व्हिडिओ थांबवून, तोच प्रश्न कागदावर स्वतः सोडवला तरच येतं.

फोन आला, सवलत उद्या संपते म्हणाले, तर संपू द्या. आधी ते पाच प्रश्न पोराकडून सोडवून घ्या, चुका पाहा आणि मगच कोणाकडे जायचं ते ठरवा.