कॉफीला गाव असते

आपण मराठी माणसे आंबा घेताना गाव विचारतो. देवगडचा की रत्नागिरीचा, याचा खल केल्यावाचून पेटी घरात येत नाही. कॉफीबाबत मात्र आपली चौकशी वाण्याच्या दुकानापाशी संपते. साखर सढळ हाताने घातली, वर जायफळ किसले, की ती कोणत्या मळ्यातून आली हे विचारतो कोण?

हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते मला चिकमगळूर जिल्ह्यातील एका लहानशा मळ्यावर उमगले. मळा अवघा सहा एकरांचा, घरच्यांनीच राखलेला. सूनबाई बेळगावच्या, त्यामुळे बोलणे मराठीत झाले. वर सिल्व्हर ओकची उंच झाडे, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि त्या सावलीत कॉफी. याच जिल्ह्यातील डोंगरांना बाबा बुदन यांचे नाव आहे. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या, अशी आख्यायिका आहे.

बी रुजले, पण मळ्यांची नावे मात्र पुढे पुसली गेली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बाजार बंद पडले, तेव्हा सर्वांचा माल कॉफी बोर्डाकडे एकत्र जमा करण्याची पद्धत आली. १९४२ च्या कायद्याने ती पक्की झाली. त्या पडत्या काळात तिने शेतकऱ्याला तारले, हे खरे. परंतु प्रतवारी होई ती दाण्याची. तो कुणाच्या मळ्यातला, हे ढिगात हरवून जाई. हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ पर्यंत संपले. २०१९ मध्ये चिकमगळूर, कूर्ग आणि बाबाबुदनगिरी येथील अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता मळ्याचे नाव पिशवीवर छापता येते. पण ते राखायचे कसे? एका फांदीवरची सारी फळे एकदम पिकत नाहीत. लाल तेवढीच तोडायची, तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा जावे लागते. मग साल काढणे, चिकटा सुटेपर्यंत आंबवणे, धुणे, उन्हात सतत हलवत वाळवणे. सुमारे सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो दाणा हाती येतो. त्यात तोडणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, की पिकली फळे फुटतात, गळतात.

सासऱ्यांचे म्हणणे होते, सगळे एकदम ओरबाडून व्यापाऱ्याला द्यावे. सूनबाई मला म्हणाल्या, ‘‘सर, मामंजींचं चुकत नाही. नावानं मजुरी भागत नाही. पण पिशवीवर नाव आपलं असलं, की कच्चं फळ टाकायला हात धजत नाही.’’ अखेर घरात तडजोड झाली. खालचा मळा व्यापाऱ्याला, वरचे दोन एकर नावासाठी. त्या दोन एकरांची मजुरी निघेल की नाही, याची धाकधूक दोघांच्याही चेहऱ्यावर होती.

त्या वरच्या मळ्याची कॉफी मी बिनसाखरेची प्यालो. कडूपणामागून लिंबाच्या सालीसारखी आंबटसर चव आली आणि जिभेवर रेंगाळली. जायफळाची आठवणसुद्धा झाली नाही!

वाचकहो, या दिवाळीत फराळानंतर कॉफी कराल, तेव्हा दुकानदाराला तिचे गाव जरूर विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर पुन्हा विचारा. गाव विचारणारे गिऱ्हाईक भेटले, तरच ते दोन एकर टिकतील.