एकच रेणू, तीन रचना

ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. १८२० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी ते जिलेटिनपासून वेगळे केले. चव गोड, रंग पांढरा, रेणू अवघ्या दहा अणूंचा. तरीही नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला या रेणूचे स्फटिक तीन प्रकारांनी रचले जातात: अल्फा, बीटा आणि गॅमा. या गुणधर्माला बहुरूपता म्हणतात.

साध्या पाण्यातले द्रावण सावकाश आटवले की बहुधा अल्फा मिळते. पाण्यात अल्कोहोल मिसळले तर बीटा आणि पुरेसे मीठ घातले तर गॅमा मिळते. गंमत अशी, की नेहमीच्या तापमानाला सर्वांत स्थिर असते ते गॅमा. आणि तेच ओळखू यायला १९५४ साल उजाडले. जपानी स्फटिकशास्त्रज्ञ इताका यांनी ते दाखवले.

स्थिर रूप सोडून दुसरेच रूप आधी का यावे? मी येलदरीचा, त्यामुळे मला धरणाचाच दाखला सुचतो. पूर्णेचे पाणी इथून सुटले की थेट गोदावरीला मिळत नाही. वाटेत सिद्धेश्वर धरणात ते पुन्हा अडते. पदार्थही असेच टप्प्याटप्प्याने उतरतात, हे विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये मांडले. प्रत्येक टप्प्याला भिंत असते: रेणूंमधले हायड्रोजन बंध तोडून नवी मांडणी करायला लागणारी ऊर्जा. बीटाची भिंत ठेंगणी; दमट हवेतही त्याचे अल्फा होते. अल्फाची मात्र उंच; कोरड्या बाटलीत ते वर्षानुवर्षे तसेच राहते. पण गॅमा सुमारे १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की त्याचेच अल्फा होते. धरणाचा दाखला इथे अपुरा पडतो, कारण तापमान वाढले की स्थिरतेचा क्रमच उलटतो.

मांडणी बदलली की गुणही बदलतात. गॅमाचा स्फटिक दाबला तर त्यावर विद्युतभार येतो, अल्फावर येत नाही. औषधांत तर हा फरक जिवाशी येतो. एचआयव्हीवरचे रिटोनाव्हिर १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये एक नवे, अधिक स्थिर पण कमी विरघळणारे रूप अचानक आढळले. न विरघळणारे औषध रक्तात पोचणार कसे? कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या आणि रुग्णांना काही काळ द्रवरूप औषधावर भागवावे लागले.

रेणूचे सूत्र तेच होते. बदलली होती फक्त रेणूंची बसण्याची रीत. म्हणूनच आज नवे औषध तयार करताना त्यात काय आहे यासोबत ते कोणत्या रूपात आहे, हेही तपासावे लागते.