पट्टी निघते, पैसे थांबतात

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

पॉवर प्रेसवर कामगाराचा अंगठा गेला की घरात पहिला प्रश्न ऑपरेशनचा असतो, दुसरा पैशांचा. पण हा दुसरा प्रश्न खरा बोचतो तो चार-पाच महिन्यांनी, हाताची पट्टी निघाल्यावर. असं का होतं, ते आज पाहू.

आपली ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, १९४८ च्या कायद्याने आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू झाल्या आणि ती सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली. कामावर इजा झाली तर या योजनेत दोन वेगवेगळे लाभ मिळतात. डॉक्टर 'कामावर जाऊ नका' म्हणतात तोवर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के. इजा कायमची राहिली तर कायम अपंगत्वाचा लाभ. तो कमाईची ताकद जितके टक्के गेली तितक्याच प्रमाणात. इजेसाठी आधी अमुक इतके महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

घोळ होतो तो एका लाभातून दुसऱ्या लाभात जाताना. दवाखान्यातून 'फिट' सर्टिफिकेट मिळालं, त्या दिवशी पहिला लाभ बंद. दुसरा मात्र आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं, आणि बोर्डाची तारीख कधी लागेल ते आपल्या हातात नसतं.

आकडे घेऊन पाहू. एखाद्याचा सरासरी रोज ६०० रुपये आहे असं समजा. बरा होईपर्यंत त्याला दिवसाला ५४० रुपये मिळाले. तो ३१ मार्चला फिट झाला. पूर्ण अंगठा गेल्यास अनुसूचीत ३० टक्के लिहिले आहेत. म्हणजे ५४० चे ३० टक्के, दिवसाला १६२ रुपये. बोर्डाचा निकाल लागला सप्टेंबरअखेर. मधले सहा महिने हातात काय? या लाभाचा एक पैसाही नाही. मात्र हे पैसे बुडत नाहीत. कायम अपंगत्वाचा लाभ मोजला जातो तो पहिला लाभ संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, बोर्ड बसलं त्या दिवसापासून नव्हे. एप्रिल ते सप्टेंबर १८३ दिवस, म्हणजे २९,६४६ रुपये थकबाकी. हा हिशेब ज्याला ठाऊक असतो तो सावकाराकडे जाताना निदान किती उचल घ्यावी ते ठरवू शकतो. ज्याला ठाऊक नसतो, तो बायकोचे दागिने मोडून बसतो.

म्हणून फिट होताच शाखा कार्यालयात बोर्डासाठी अर्ज द्या, पोच घ्या. हा अर्ज बारा महिन्यांच्या आत जायला हवा. 'बघू, आधी ड्यूटी तर लागू दे' म्हणत पुष्कळजण इथेच अडकतात. कामावर रुजू झाल्याने हक्क जातो, हा निव्वळ गैरसमज आहे. पगार आणि कायम अपंगत्वाचा लाभ, दोन्ही एकाच वेळी घेता येतात.

दुसरी घाई उलट दिशेची. नोकरी जाईल या भीतीने कामगार स्वतःच डॉक्टरांकडे लवकर फिट मागतो. हात वळत नसताना फिट घेतलं तर ५४० चा ओघ आपणच तोडतो.

बोर्डाचं पत्र आलं की टक्क्यांच्या शेजारी काय लिहिलंय तेही वाचा. 'तात्पुरता' निर्णय असेल तर त्याला मुदत असते. ती संपायच्या आत पुन्हा तपासणीची विचारणा करायची, नाहीतर पुन्हा तशीच पोकळी. टक्के कमी वाटले तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथे अपघाताच्या दिवशीची कारखान्यातली नोंद फार कामाला येते. ती झाली आहे ना, हे दवाखान्यात असतानाच घरच्या कुणीतरी जाऊन पाहावं.