बेटावरची पेढी

सन २०१७ मधील सप्टेंबरची ६ तारीख मला विसरता येत नाही. दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते आणि सांगलीतील आमच्या घरी क्षमावाणीच्या दूरध्वनींची वर्दळ चालू होती. दुपारी चारच्या सुमारास कॅरेबियन समुद्रातील सिंट मार्टेन बेटावरून भाच्याचा संदेश आला : "मामा, वारा फार वाढला आहे. आम्ही सगळे न्हाणीघरात बसलो आहोत. काळजी करू नका." तिकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. त्यानंतर पाच दिवस एक अक्षरही आले नाही. इर्मा नावाचे, सर्वांत वरच्या म्हणजे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ त्या सकाळी बेटावरून गेले होते.

आपल्या समाजातील पालक अलीकडे मला वारंवार विचारतात, "मुलगा परदेशात दुकान काढायचे म्हणतो, पाठवावे का?" बँकेत परकीय चलन विभागात काही वर्षे काढल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देण्याऐवजी भाच्याच्या पेढीची हकीकत सांगावी, असे मला वाटते. तिच्यात त्याचे कर्तृत्व आहे, तशी माझी एक चूकही आहे.

बेट आणि बाजार

सिंट मार्टेन हे अवघ्या ८७ चौरस किलोमीटरचे बेट. १६४८ च्या करारापासून ते दोन सत्तांत विभागलेले आहे. उत्तरेकडील भाग फ्रान्सचा, तर दक्षिणेकडील भाग नेदरलँड्सच्या राज्यातला. हा डच भाग २०१० च्या ऑक्टोबरपासून त्या राज्यांतर्गत स्वायत्त देश झाला. त्याची राजधानी फिलिप्सबर्ग. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस जुने मिठागर, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे. तेथील फ्रंट स्ट्रीट म्हणजे जवाहीर, घड्याळे आणि कॅमेरे यांची करमुक्त बाजारपेठ. तेथील बरीच दुकाने भारतीयांची, विशेषतः सिंधी बांधवांची आहेत. सिंधमधील हैदराबादचे व्यापारी स्वातंत्र्यापूर्वीच पनामापर्यंत पोहोचले होते. फाळणीत मूळ गाव सुटल्यावर परदेशातील पेढी हेच अनेकांचे घर झाले.

त्यांच्याही कितीतरी आधी भारतीय माणूस या समुद्रात आला, तो मजूर म्हणून. ५ मे १८३८ रोजी गयानात आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादमध्ये गिरमिटियांची पहिली जहाजे लागली. भाच्याच्या दुकानातील ज्येष्ठ विक्रेती मूळची गयानाची. तिला हिंदीचे एक वाक्य बोलता येत नाही. परंतु तिच्या हातची दालपुरी खाताना आपण बिहारमधील एखाद्या घरी जेवत आहोत, असे वाटते.

बेटाच्या डच भागाची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास आहे. पण जवाहिराचे गिऱ्हाईक बेटावर राहत नाही, ते जहाजातून येते. इर्मापूर्वीच्या वर्षांत दरसाल पंधरा लाखांहून अधिक प्रवासी पर्यटन-जहाजांतून तेथे उतरत असत. जहाज सकाळी लागते आणि बहुधा सायंकाळी निघते. मायदेशी परतताना अमेरिकी प्रवाशाला सामान्यतः आठशे डॉलरपर्यंतची खरेदी जकातीशिवाय नेता येते. व्यापाराचे गणित या दोन गोष्टींवर उभे आहे. कोणत्या दिवशी किती जहाजे येणार, याचे वेळापत्रक बरेच आधी प्रसिद्ध होते. भाचा त्याला 'आमचे पंचांग' म्हणतो. जहाज नसलेल्या दिवशी तो हिशेब आणि दुरुस्तीची कामे उरकतो.

मालही तेथील गिऱ्हाइकाच्या पसंतीचा ठेवावा लागतो. आपल्या सराफीत बावीस कॅरटचा आग्रह असतो, अमेरिकी गिऱ्हाईक चौदा कॅरटचे सोने सहज स्वीकारते. टांझानाइट हे निळे-जांभळे रत्न तेथे फार खपते. त्याची खाण टांझानियात, पैलू पाडणारे कारागीर पुष्कळसे जयपूरचे, आणि विकत घेणारी एखादी निवृत्त अमेरिकी शिक्षिका. हिरे अर्थातच सुरतेत घडवलेले.

हंगाम मात्र मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधील वादळांचा काळ मानला जातो. भाडे बारा महिन्यांचे आणि खरी कमाई सहा महिन्यांची, हे ज्याला आरंभीच उमगत नाही, त्याचे दुकान पहिल्या पावसाळ्यातच बंद पडते.

आधी नोकरी, मग मालकी

भाच्याचे घराणे हुपरीच्या चांदी व्यवसायातले. घरात काटा, कस आणि मजुरी यांचे बाळकडू मिळालेले. तरीही २००८ साली तो तेथे गेला तो एका भारतीय पेढीवर विक्रेता म्हणून. आमच्या दाजींना हे रुचले नव्हते. "स्वतःची गादी सोडून दुसऱ्याच्या दुकानात उभे राहायचे?" असे ते म्हणत. आज मागे वळून पाहता, ती सहा वर्षे हेच त्याचे खरे भांडवल ठरले, असे मला वाटते.

त्या काळात त्याने पाहिले की रस्त्याच्या एका टोकाला दिवसभर गर्दी असते आणि दुसऱ्या टोकापर्यंत गिऱ्हाईक पोहोचतच नाही. भाडे मात्र दोन्हीकडे मोठेच असते. जहाजावर प्रवाशांना ठरावीक दुकानांची शिफारस केली जाते आणि त्या प्रसिद्धीसाठी दुकानदाराला पैसे मोजावे लागतात, हेही त्याला कळले. तेथे उलाढालीवर कर आहे. नफा झाला नाही तरी विक्रीवर तो लागतो, म्हणून भाव ठरवतानाच त्याचा विचार करावा लागतो. कंपनी स्थापन करायची तर नोटरीसमोर दस्त करावा लागतो. व्यवसायाचा परवाना वेगळा आणि संचालकाचा वेगळा. हे सर्व दुसऱ्याच्या दुकानात शिकल्याने त्याची शिकण्याची फी वाचली. २०१४ साली त्याने स्वतःचे छोटे दुकान घेतले.

बँकेत खाते उघडायला त्याला काही महिने लागले. तो वैतागला होता, मी मात्र नाही. लहान देशांतील बँकांना डॉलरचे व्यवहार मोठ्या परदेशी बँकांच्या मध्यस्थीने करावे लागतात. अशा मोठ्या बँकांनी गेल्या दशकात कॅरेबियनमधील अनेक बँकांशी असलेले संबंध तोडले किंवा आवळले. त्यामुळे तेथील बँक प्रत्येक डॉलर कोठून आला, हे विचारते. ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचे कागद असतात, त्याला ही चौकशी जड जात नाही.

माझी चूक

२०१७ च्या मे महिन्यात विम्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. माल आणि सजावट मिळून दुकानाची किंमत चार लाख डॉलरवर गेली होती. विमा मात्र जुन्या, दोन लाख चाळीस हजारांच्या रकमेचा होता. रक्कम वाढवावी का, असे भाच्याने मला विचारले. जादा हप्ता ३,२०० डॉलर होता. मी कळवले : "एक वर्ष थांब. हंगाम बरा जाऊ दे, मग वाढव."

हे मी लिहिले! नोकरीत असताना कर्जदाराच्या गोदामाचा विमा पुरेसा आहे की नाही, हे तपासल्यावाचून मी कधी सही केली नव्हती. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत कृष्णेचे पाणी शिरून हळदीची काय दशा झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. १९९५ च्या सप्टेंबरात लुईस नावाच्या वादळाने हेच बेट उद्ध्वस्त केले होते, हे कोणालाही विचारले असते तरी कळले असते. मी विचारले नाही. दूरच्या समुद्रातले संकट कागदावर लहान दिसते.

वादळात दुकानाचा दर्शनी भाग फुटला, पाणी शिरले, आणि पुढच्या दिवसांत शहरात लूटमारही झाली. नुकसान दीड लाख डॉलरचे ठरले. वाचकांना वाटेल, विमा दोन लाख चाळीस हजारांचा होता, तेव्हा दीड लाख पूर्ण मिळाले असतील. तसे होत नाही. मालमत्तेच्या विम्यात 'सरासरी'चे कलम असते. चार लाखांच्या मालमत्तेवर दोन लाख चाळीस हजारांचा विमा म्हणजे साठ टक्के. म्हणून नुकसानीचेही साठ टक्केच, म्हणजे ९०,००० डॉलर मिळतात. त्यातून विमा रकमेच्या दोन टक्के, म्हणजे ४,८०० डॉलर वजावट गेली. हाती आले ८५,२०० डॉलर. पूर्ण रकमेचा विमा असता तर ८,००० डॉलरची वजावट जाऊन १,४२,००० मिळाले असते. ३,२०० डॉलर वाचवण्याच्या माझ्या सल्ल्याची किंमत ५६,८०० डॉलर झाली.

पत म्हणजे काय

तरी पेढी उभी राहिली, ती कशामुळे? भाच्याकडे मुंबईच्या काही व्यापाऱ्यांचा माल जांगडावर होता. तो तिजोरीत असल्यामुळे वाचला. संपर्क सुरू होताच त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की, प्रत्येक व्यापाऱ्याला नगानिशी यादी पाठवली : हे सुरक्षित आहे, हे भिजले आहे, हे सापडत नाही. कोणी विचारण्याआधी पाठवली. एका व्यापाऱ्याने उत्तर दिले, "माल तुमच्याकडेच राहू द्या. दुकान उघडले की बोलू." विमानतळावरील प्रवासी वाहतूक ऑक्टोबरात सुरू झाली आणि डिसेंबरात जहाजे पुन्हा येऊ लागली, तेव्हा त्याच मालावर पहिली विक्री झाली. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे जहाजे पुन्हा थांबली आणि सव्वा वर्ष बंदर जवळजवळ ओस पडले, तेव्हाही याच पतीने त्याला तारले.

अचौर्याणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात : विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान, प्रतिरूपकव्यवहार. व्यापाऱ्याला ते आजच्या भाषेत समजून घेता येतात. जकात आणि कर चुकवणे हा पहिला. वजनात किंवा कॅरटमध्ये फसवणे हा दुसरा. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा खाणीतला म्हणून विकणे हा तिसरा. जहाजाचे गिऱ्हाईक पुन्हा दिसणार नाही, म्हणून तेथे मोह अधिक. भाच्याच्या बिलावर रत्नाचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो. त्यामुळे काही विक्री हातची जाते, हे तो मान्य करतो.

साथीनंतर दुसऱ्या बेटावर शाखा काढण्याचा प्रस्ताव आला. त्याने नाकारला. श्रावक दिग्व्रतात आपल्या संचाराची सीमा आधी ठरवतो. व्यापारातही ती आधी ठरवावी, नफा डोळ्यांसमोर आल्यावर ठरवता येत नाही, असे त्याचे म्हणणे. एका वादळात एकच दुकान जावे, म्हणून दोन बेटांवर असावे, असाही युक्तिवाद करता येतो. पण दोन दुकाने सांभाळणारी माणसे त्याच्याकडे नव्हती.

पालकांसाठी

पैसा पाठवायचा तो बँकेतूनच. निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. परदेशातील बिगरसूचीबद्ध कंपनीचे भाग स्वतःच्या नावे घेणार असाल, तर ती थेट गुंतवणूक ठरते. त्यासाठी रक्कम पाठवण्यापूर्वी बँकेमार्फत विहित नमुना भरावा लागतो. मुलगा व्यवसायासाठी देश सोडून गेला की त्याचे येथील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे. बहुतेक घरांत हेच राहून जाते. ओळखीच्या माणसाकडून 'इकडे रुपये द्या, तिकडे डॉलर मिळतील' हा मार्ग सोपा दिसतो, परंतु तो कायद्याबाहेरचा आहे. असा पैसा तेथील बँकेला समजावून सांगता येत नाही.

सुनेचाही विचार करा. तेथे भाजीपाला बहुतांशी आयात होतो, तो महाग असतो. हंगामात जहाज उभे असताना सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे ही रोजची कसरत असते. भाच्याची पत्नी हे सारे निभावते. पण पहिली दोन वर्षे ती किती एकटी होती, हे आम्हाला पुढे बऱ्याच काळाने कळले.

तर पाठवावे का? मुलगा पाच-सहा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राहण्यास तयार असेल, सहा महिन्यांचे भाडे बाजूला ठेवून सुरुवात करणार असेल, आणि सूनबाईंना मनापासून जायचे असेल, तर अवश्य पाठवावे. यांतली एखादी गोष्ट नसेल तर थांबावे.

त्या सप्टेंबरात सहाव्या दिवशी भाच्याचा आवाज कानी पडला, तेव्हा त्याचे पहिले शब्द होते, "मामा, उत्तम क्षमा." विम्याचा हिशेब लागल्यावर क्षमा मागण्याची पाळी माझी होती. मी ती मागितली. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "आता दरवर्षी पॉलिसी तुम्हीच वाचायची." तेव्हापासून दर मे महिन्यात तिचा मसुदा माझ्याकडे येतो. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मालाच्या यादीशी ताडून पाहिल्यावरच त्याला होकार कळवतो.